दुसऱ्याच्या दुःखाच्या दिवसांत मिळालेला लाभ

करोनाच्या साथीला आतां कांहीं वर्षें लोटलीं. जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं तिची आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें, आणि आमच्या खेड्यांतून तर लोकांनीं त्याच्या पुष्कळ आधींच तोंडावरचीं फडकीं काढून ठेविलीं होतीं. तथापि प्रार्थनासभांत, कापणीच्या सणांत व वार्षिक मेळाव्यांत एक प्रकारची साक्ष अजून वारंवार ऐकूं येते. कोणी बंधु उठून सांगतो कीं, टाळेबंदी झाली तें आमच्या घराला बरेंच झालें, कारण कुटुंबोपासना आमच्या घरीं तेव्हांपासून सुरू झाली. कोणी भगिनी सांगते कीं, मुलीचें लग्न पन्नास माणसांत उरकलें आणि शेत गहाण पडतां पडतां वांचलें. तिसरा सांगतो कीं, दुकान बंद राहिल्यामुळें दारू सुटली. मंडळी आनंदानें आमेन म्हणते. पण त्याच सतरंजीवर मागच्या बाजूला एखादी बाई बसलेली असते; तिचा धनी २०२१ च्या एप्रिल महिन्यांत तालुक्याच्या गांवीं खाट मिळेना म्हणून गेला, व त्याचें तोंडही तिला पाहूं दिलें नाहीं. तिच्या तोंडून आमेन निघत नाहीं, आणि न निघाल्याबद्दल तिला कोणी दोष देऊं शकेल असें आम्हांस वाटत नाहीं.

एका उपदेशकानें आम्हांस असें विचारलें आहे कीं, अशी साक्ष मंडळींत देऊं द्यावी किंवा नाहीं? लाभ तर खरा आहे. तो लपविणें हें कृतघ्नपण होईल. पण ज्या काळांत शेजाऱ्याचें घर बसलें त्याच काळाला “बरें झालें” म्हणणें प्रीतीला शोभतें काय? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु मनुष्य आपल्या सुखाचा हिशेब कसा मांडतो, यावरून त्याची देवाविषयींची कल्पना कळून येते. म्हणून आम्ही त्यास थोडी अधिक जागा देत आहों.

प्रथम तो काळ नीट आठवला पाहिजे, कां कीं लाभाची गोष्ट सांगणारांना त्याचा लौकर विसर पडतो. २४ मार्च २०२० च्या रात्रीं आठ वाजतां पंतप्रधानांनीं भाषण केलें आणि चार तासांनीं सारा देश बंद झाला. प्रथम २१ दिवस सांगितले होते. ते वाढत वाढत मे महिन्याच्या अखेरीपर्यंत गेले, आणि त्यानंतरही निर्बंध राहिले. आगगाड्या थांबल्या, एस. टी. थांबली. साखर कारखान्यांवर गेलेलीं ऊंसतोडणीचीं बिऱ्हाडें फडावरच अडकलीं. त्यांस गांवीं परतण्याची परवानगी एप्रिलाच्या मध्यानंतर मिळाली. ८ मे रोजीं पहांटे, तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यांत करमाडजवळ, जालन्याहून पायीं निघालेले मध्य प्रदेशांतील १६ मजूर रुळांवर झोपले असतां मालगाडीखालीं सांपडून मेले. त्यांच्या पोळ्या रुळांमध्यें विखुरलेल्या होत्या, तें चित्र आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. खेड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पर्यंत उघडले नाहींत, आणि दरम्यान शाळेंतून उठलेल्या कित्येक मुलींच्या अंगाला हळद लागली. महाराष्ट्रांत सरकारी नोंदीप्रमाणें सुमारें १ लाख ४८ हजार माणसें ह्या रोगानें दगावलीं. नोंदीबाहेर गेलेलीं माणसें ज्याला त्याला आपापल्या गांवचीं ठाऊक आहेत.

असो. आतां लाभाकडे वळूं. यांत लग्नाची गोष्ट आम्ही विस्तारानें सांगतों, कारण आमच्या खेड्यांतील ख्रिस्ती कुटुंबांचें दारिद्र्य जितकें अवर्षणानें झालें नसेल तितकें मांडवानें झालें आहे. पूर्वजांनीं धर्म बदलला, परंतु जेवणावळीची चाल बदलली नाहीं. मुलगी उजवावयाची म्हणजे भावकी, सगेसोयरे, शेजारचीं चार गांवें, वाजंत्री, आहेर, मानपान, आणि अलीकडे तो कानठळ्या बसविणारा डीजे. ज्याच्याजवळ दोन एकर कोरडवाहू त्यानेंही हजार पानें उठविलीं पाहिजेत. न उठविलीं तर सोयरे नांवें ठेवितात. मग सावकार, पतपेढी, किंवा ऊंसतोडीच्या मुकादमाची उचल. आणि ती फेडण्यासाठीं नवराबायको व कधीं कधीं पोरेंही दोन-दोन हंगाम फडावर. पाळकांनीं व उपदेशकांनीं ह्या चालीविरुद्ध किती वर्षें कंठशोष केला! फळ थोडेंच. आणि सरकारानें लग्नास ५० माणसांची मर्यादा घालतांच (दुसऱ्या लाटेंत तर ती २५ माणसांवर व दोन तासांवर आली) जें तीन पिढ्यांच्या उपदेशानें झालें नाहीं तें एका उन्हाळ्यांत घडलें. घराच्या अंगणांत चार खुर्च्या, पाळकसाहेब, दोन साक्षीदार, वरणभात, आणि गोड म्हणून शिरा. हजार पानांनीं तीं दोघें जितकीं विवाहित झालीं असतीं तितकींच विवाहित झालीं. कोणी नांवें ठेविलीं नाहींत, कारण नांवें ठेवावयास कोणी आलेंच नव्हतें.

आमच्या माहितींतील एका कुटुंबानें त्या वर्षीं लग्नासाठीं घ्यावयाची उचल घेतली नाहीं, आणि पुढच्या हंगामांत मुलाला फडावर न नेतां शाळेजवळ आजीपाशीं ठेविलें. हा लाभ लहान नव्हे. परंतु मर्यादा उठली मात्र, आणि मांडव पूर्वींपेक्षांही मोठे पडूं लागले, जणूं दोन वर्षांची बाकी वसूल करावयाची होती. त्या कुटुंबांत धाकटी मुलगी अजून आहे. तिचें लग्न कसें होईल हें आम्ही सांगूं शकत नाहीं.

दारूचेंही तसेंच. सुमारें सहा आठवडे दुकानें बंद होतीं. मे २०२० च्या आरंभीं तीं उघडलीं तेव्हां शहरांतून त्यांच्यापुढें लागलेल्या रांगा सर्वांनीं पाहिल्या. (हातभट्टी पुष्कळ ठिकाणीं बंद नव्हतीच, हें खेड्यांत राहणारांस सांगावयास नको.) मिळेना म्हणून ज्यानें सोडली, त्यानें मिळूं लागतांच ती पुन्हां धरली. परंतु कांहीं थोडे असेही आहेत कीं, त्या आठवड्यांत त्यांचें डोकें शुद्धीवर आलें, लेंकरांचीं तोंडें दिसलीं, आणि दुकान उघडल्यावरही त्यांचें पाऊल तिकडे वळलें नाहीं. दावणीला बांधलेला बैल पिकांत शिरत नाहीं म्हणून त्याला कोणी संयमी म्हणत नाहीं. दावें सुटल्यावर तो काय करितो तें पाहावें लागतें. दोघांचें दावें एकाच दिवशीं सुटलें होतें.

कुटुंबोपासनेचा लाभ आम्ही सर्वांत मोठा मानतों. त्या वर्षीं १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार आणि १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा रविवार हे दोन्ही बंद दाराआड गेले. महाराष्ट्रांतील उपासनास्थानें १६ नोव्हेंबर २०२० रोजीं उघडलीं, पुढील वर्षीं पुन्हां बंद झालीं, व ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं पुन्हां उघडलीं. ज्या उपदेशकाकडे सहा-सात गांवें त्याला एका गांवची वेस ओलांडतां येईना. आजपर्यंत लोक म्हणत, “मास्तर येतील तेव्हां वाचतील.” मास्तर आले नाहींत, तेव्हां शास्त्र कोणी वाचावें? बापाला अक्षर येत नाहीं, आईला येतें पण धीर होत नाहीं. म्हणून सातवींतल्या मुलीनें वाचलें. आजीला टिळकांचीं पदें तोंडपाठ. तिनें पद धरलें. जो बाप रविवारीं मंदिराच्या मागच्या भिंतीला टेकून डुलक्या घेई, त्याला आपल्याच घरांत लेंकीच्या समोर बसून जागें राहावें लागलें. शास्त्र वाचून दाखविण्याची जी सोय मोबाइलवर आहे, ती कित्येक निरक्षरांच्या घरीं त्याच दिवसांत पोंचली. हें सर्व पुष्कळ घरीं आजही चाललें आहे. त्याबरोबर एक उणेंही चाललें आहे, तें सांगितलें पाहिजे. कांहीं धट्टेकट्टे बंधु अजून रविवारीं खाटेवर पडून मोबाइलवरच उपासना “ऐकतात”. एकत्र जमणें सोडूं नये हा इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रांतील बोध त्यांच्या प्रतींत छापावयाचा राहिला असावा.

येथें भाषेचा एक लहानसा फरक ध्यानांत धरिला तर बराच गोंधळ मिटेल. “टाळेबंदीनें दिलें” आणि “टाळेबंदींत मिळालें” हीं दोन वाक्यें एक नव्हेत. पहिल्यांत टाळेबंदी ही दाता होते. पण तिनें दिलें काय? तिनें दार लाविलें, इतकेंच. लावलेल्या दाराच्या आंत एका घरीं शास्त्र उघडलें गेलें. दुसऱ्या घरीं बायकोला मार बसला, आणि तिला माहेरींही पळून जातां येईना. त्या दिवसांत राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरांतील छळाच्या तक्रारी वाढल्या, ही नोंद आहे. दोन्ही घरीं दार लावणारा हुकूम एकच होता. प्रार्थनेचें श्रेय जर टाळेबंदीला, तर त्या माराचा दोषही तिलाच देऊन मारणाऱ्याला मोकळें सोडावें लागेल. तें आम्हांस मान्य नाहीं. मुलीनें वाचलें, आजीनें पद धरलें, बापानें मान खालीं घालून ऐकलें. आणि तशी बुद्धि देणारा देव. आभार मानावयाचे ते तेथें. रोगाचे आभार मानण्याचें कांहीं कारण नाहीं, आणि ज्या हुकुमानें दुसऱ्याची भाकरी गेली त्याचेही नाहीं. (तो हुकूम काढणें अवश्य होतें कीं नव्हतें, आणि चार तासांच्या मुदतीनें काढावा कीं नाहीं, हा वाद निराळा.)

कोणी म्हणेल, देवानें ही साथ आमच्या सुधारणेसाठींच पाठविली. हें बोलणें भक्तीचें दिसतें, पण तें शेवटपर्यंत नेऊन पाहावें. आमच्या घरीं उपासना सुरू व्हावी म्हणून देवानें शेजारणीचा नवरा नेला, असें उघड म्हणावयास कोणाची जीभ धजेल? मग त्या पहिल्या बोलण्याचा अर्थ दुसरा काय होतो? शिलोहांतील बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, त्यांविषयीं लोकांच्या मनांत जो हिशेब होता तो प्रभूनें साफ नाकारला, आणि ऐकणाऱ्यांस स्वतःकडे पाहावयास लाविलें. मेलेल्यांच्या मरणाचा अर्थ जिवंत राहिलेल्यांनीं आपल्या सोयीनें लावूं नये, इतकें तरी त्यावरून खास निघतें.

याचा अर्थ असा नव्हे कीं, संकटांतून निघालेल्या हिताची शास्त्रांत नोंदच नाहीं. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटीं असें आहे कीं, लोक बाबेलांत धरून नेले गेले तेव्हां ओसाड पडलेल्या भूमीला तिचे चुकलेले शब्बाथ सत्तर वर्षें मिळाले. २०२० च्या एप्रिलांत पंजाबांतील जालंदर शहरांतून दूरच्या धौलाधार पर्वताचीं हिमशिखरें लोकांस घराच्या गच्चीवरून दिसूं लागलीं, तेव्हां तो लेख आम्हांस आठवला. पण भूमीला विसावा मिळाला असें लिहिणाऱ्यानें बंदिवास चांगला होता असें लिहिलें नाहीं. आणि त्याच बंदिवासाविषयीं १३७ वें स्तोत्र रडत आहे. दोन्ही लेख एकाच पुस्तकांत बांधलेले आहेत. भूमीचा विसावाही आमच्या काळीं सत्तर वर्षें टिकला नाहीं: जगांतील इंधनाचा धूर त्या वर्षीं सुमारें ५ टक्के घटला, आणि पुढच्याच वर्षीं ती घट बहुतेक भरून निघाली.

प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय तर ह्या प्रश्नाला अगदीं लागू पडतो. यरुशलेमेंतील मंडळीचा छळ झाला, लोक पांगले, आणि जेथें जेथें ते गेले तेथें सुवार्ता गेली. फिलिप्प शोमरोनांत गेला व ते नगर आनंदलें. लाभ म्हणावा तर याहून मोठा कोणता? पण लूक तो लाभ सांगण्यापूर्वीं, दोनच ओळींत कां होईना, स्तेफनाच्या मातीची आणि त्याच्यासाठीं झालेल्या मोठ्या शोकाची गोष्ट सांगतो. आधीं रडणें झालें. पुढें पुष्कळ वर्षांनीं तोच शौल, पौल होऊन, कैसरियांत फिलिप्पाच्या घरीं पाहुणा उतरला. फिलिप्पानें त्याला क्षमा केली असेल, पानावर बसवून जेवूं घातलें असेल. परंतु “बरें झालें तुम्हीं आम्हांस हांकून लाविलें,” असें तो म्हणाला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. स्तेफन त्याच्या सातांपैकीं एक होता.

आमच्या मंडळ्यांत नेमकें हें रडणें राहून गेलें आहे. मातीला २० माणसांची मर्यादा. कोठें कोठें चौघेही नाहींत. कित्येक प्रेतें प्लॅस्टिकांत गुंडाळलेलीं आलीं आणि तशींच गेलीं. मुंबईंत तर ३० मार्च २०२० रोजीं, ह्या रोगानें मेलेल्या सर्व धर्मांच्या माणसांचें दहनच करावें असा हुकूम निघाला होता. तो त्याच दिवशीं मागें घेतला गेला, पण ती बातमी ऐकून कित्येक म्हाताऱ्यांनीं अन्न सोडलें होतें. ज्यांची माती नीट झाली नाहीं त्यांच्यासाठीं मागाहून मंडळीनें एकत्र बसून प्रार्थना केली, असें थोड्याच ठिकाणीं घडलें. मंदिरें उघडलीं तीं एकदम आभारप्रदर्शनानें उघडलीं. आमच्या मतें साक्ष बोंचते तिचें अर्धें कारण हेंच आहे.

लाभ टिकतो केव्हां, याविषयीं जुन्या साथींचा अनुभव पाहण्यासारखा आहे. १८९६ त मुंबईंत व पुढल्या वर्षीं पुण्यांत प्लेग माजला. प्लेगाच्या दिवसांत खेड्यांतील लोक घरें सोडून माळावर झोपड्या घालून मोकळ्या हवेंत राहत, आणि साथ सरली कीं पुन्हां त्याच अंधाऱ्या घरांत जात. हवा व उजेड यांची गोडी झोपडीबरोबरच मोडली जाई. मुंबईंत मात्र १८९८ त सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन रुंद रस्ते पाडले गेले व दादर-माटुंग्याच्या वसाहती आंखल्या गेल्या. तें टिकलें, कारण त्यामागें कायदा, पैसा व माणसांची मेहनत होती. (ज्यांच्या चाळी पाडल्या त्या गरिबांच्या वाट्यास मात्र त्यांतलें थोडेंच आलें.) पंडिता रमाबाईंनीं मध्य प्रांतांतील दुष्काळांतून मुली पुण्यास आणिल्या, प्लेगाच्या निर्बंधांमुळें त्यांस शहरांत ठेवतां येईना, म्हणून त्या केडगांवच्या शेतावर गेल्या, आणि तेथें मुक्तिसदन उभें राहिलें. कोणी म्हणेल, प्लेग आला म्हणून मुक्तिसदन झालें. आम्ही म्हणतों, प्लेग पुष्कळ गांवांस आला, मुक्तिसदन एकाच गांवीं झालें. आमच्या काळींही शाळा सर्वत्र बंद होत्या. सोलापुरास नीलमनगर भागांत मात्र घरांच्या भिंतींवर धडे रंगविले गेले, म्हणजे मोबाइल नसलेलीं पोरें गल्लींत उभीं राहून शिकूं लागलीं.

आतां एक शेवटचा मुद्दा. दाविदाला बेथलेहेमच्या वेशींतील विहिरीच्या पाण्याची तहान लागली, तेव्हां त्याच्या तीन वीरांनीं पलिष्ट्यांच्या छावणींतून घुसून तें आणिलें. दाविदानें तें प्यालें नाहीं. माणसांच्या प्राणाच्या मोलानें आलेलें पाणी त्यानें देवापुढें ओतून दिलें. टाळेबंदींत आमच्यापैकीं मास्तर, परिचारिका, रेल्वेंतील नोकर यांचे पगार चालू राहिले, आणि त्याच मंडळींतील रोजंदारीवाल्यांच्या घरीं चूल सरकारी धान्यावर पेटली; माणशीं ५ किलो धान्य महिन्याला मिळे, पण मीठमिरचीला पैसा नव्हता. कोणी घरांत सुरक्षित बसले, कारण आशा सेविका दारोदार फिरत होती. म्हणजे आमच्या विसाव्याचें पाणी कोणीतरी छावणींतून आणिलें होतें. मुलीला लागलेली वाचनाची संवय ओतून टाकतां येत नाहीं, व टाकूं नये. पण लग्नांत जो पैसा वांचला, जी दारूची रक्कम वांचली, जो संध्याकाळचा वेळ हातीं आला, त्याचा कांहीं वाटा ज्या घरांत त्या दिवसांनीं फक्त खड्डा पाडला तिकडे जातो कीं नाहीं, हें विचारण्याचा मंडळीला अधिकार आहे.

तेव्हां आमच्या उपदेशक बंधूस आमचें उत्तर असें कीं, साक्ष बंद करूं नये. मात्र त्या सभेच्या आरंभीं मंडळींतून त्या दोन वर्षांत गेलेल्यांचीं नांवें, रोग कोणताही असो, एकेक करून वाचावीं, आणि त्यांच्या घरच्यांस बोलावयाचें असेल तर आधीं बोलूं द्यावें. रडावयाचें असेल तर रडूं द्यावें, घाई करून पद सुरू करूं नये. नंतर ज्याला साक्ष द्यावयाची त्यानें “टाळेबंदीनें” न म्हणतां “टाळेबंदींत” म्हणावें, आणि मिळालें काय याबरोबर आज उरलें काय हेंही सांगावें. लग्नाच्या बाबतींत तर सरकारानें घातलेली मर्यादा उठली, ती मंडळीनें आपल्या हातानें पुन्हां घालून घेण्यास कांहींच आडकाठी नाहीं. पन्नास नको तर शंभर म्हणा. पण आंकडा ठरवून, पंचांच्या सह्या घेऊन, पुढच्या लग्नसराईच्या आधीं तो मंदिरांत वाचून दाखवावा. आणि त्या ठरावाप्रमाणें पहिलें लग्न पंचांपैकींच एकाच्या घरचें असावें. नाहींतर गरिबाच्या मांडवाला मर्यादा आणि पाटलाच्या मांडवाला सूट, असें म्हणावयास लोक मोकळे आहेत.